धमन्या मोकळ्या, तरी ठोका चुकतो

हृदयरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत हमखास कानावर पडणारे एक वाक्य आहे : "अहो डॉक्टर, अँजिओग्राफी तर क्लिअर आली ना? मग ह्यांची नाडी अजून अशी का?" विचारणारी बहुधा पत्नी असते, नाहीतर मुलगा. हृदयाचा आजार म्हणजे ब्लॉकेज, आणि ब्लॉकेज नाही म्हणजे सुटलो, असा त्यांचा साधा हिशेब असतो. याच्या उलटही घडते. ईसीजीच्या कागदावर 'एएफ' अशी दोन अक्षरे दिसली की घरच्यांची खात्रीच पटते, आता स्टेंट बसवावा लागणार. मग एफडी मोडायची की मेडिक्लेममध्ये भागेल, यावर रात्री उशिरापर्यंत खल चालतो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पण अगदीच निराधार नाहीत, आणि म्हणूनच त्या दूर करणे अवघड जाते.

एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात, हे शाळेत शिकलेले असते. उजव्या अलिंदाच्या वरच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका आहे, सायनस नोड. विश्रांतीच्या वेळी तो मिनिटाला साठ ते शंभर विद्युतसंदेश सोडतो. संदेश अलिंदांतून पसरतो, अलिंदे आकुंचन पावतात, मग एव्ही नोड नावाच्या चौकीवर तो सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतका थांबतो आणि खाली निलयांत उतरतो. तेवढ्या विलंबात अलिंदांतले उरलेले रक्त निलयांत रिकामे होते. एएफमध्ये ही शिस्त मोडते. अलिंदांत एकाच वेळी अनेक ठिकाणांहून विद्युतलहरी फिरू लागतात. मिनिटाला ३५० ते ६०० इतक्या. एवढ्या वेगाने स्नायू आकुंचन पावूच शकत नाही, तो नुसता थरथरतो. एव्ही नोड यातल्या बहुतेक लहरी अडवतो, काही खाली सोडतो, आणि त्यातही काही नियम नसतो. त्यामुळे निलयांचे ठोके बहुधा शंभर ते एकशेसाठच्या घरात आणि पूर्णपणे विस्कळीत पडतात. अलिंदांचा शेवटचा रेटा गेल्याने निलय भरण्यातही साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कमी पडतो. धडाक्याने काम करणाऱ्या तरुण हृदयाला ते जाणवतही नाही. ताठरलेल्या, म्हाताऱ्या हृदयाला मात्र जिना चढताना लगेच कळते.

या विस्कळीतपणाचा माग काढणाऱ्यांत जेम्स मॅकेंझी या स्कॉटिश डॉक्टरांचे नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागते. इंग्लंडमधल्या बर्नली या गिरण्यांच्या गावात ते साधी जनरल प्रॅक्टिस करीत. मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची स्पंदने एकाच कागदावर उमटवणारे पॉलिग्राफ नावाचे यंत्र त्यांनी घडवले. काही रुग्णांची नाडी कायमची अनियमित झाली की मानेच्या शिरेतली अलिंदाच्या आकुंचनाची लाट कागदावरून गायब होते, हे त्यांनी टिपले. अलिंदे मुळी आकुंचनच पावत नाहीत, हा त्याचा अर्थ. १९०६ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइंटहोवेन यांनी आपल्या ईसीजी यंत्रावर अशा नाडीचा आलेख छापला, आणि १९०९ मध्ये लंडनच्या टॉमस लुईस यांनी हा आलेख म्हणजेच अलिंदांचे फिब्रिलेशन, आणि ते अजिबात दुर्मीळ नाही, हे दाखवून दिले. नाडीच्या अनियमिततेच्या अभ्यासात आयुष्य घालवणारे मॅकेंझी १९२५ मध्ये गेले ते मात्र कोरोनरी धमन्यांच्या आजाराने. कित्येक वर्षे त्यांना छातीत दुखण्याचा त्रास होता, आणि अंजायनावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथही लिहिला.

एएफचा आलेख एकदा नीट पाहिला की विसरत नाही. निरोगी ईसीजीत प्रत्येक उंच टोकाच्या आधी एक छोटा, गोलसर उंचवटा असतो, त्याला पी तरंग म्हणतात. एएफमध्ये तो उंचवटा नसतो. त्या जागी बारीक थरथरती रेघ असते. उंच टोकांमधली अंतरे मोजा : अठरा छोटे चौकोन, मग अकरा, मग तेवीस, मग तेरा. कुठल्याही दोन अंतरांचे नाते लागत नाही. बोटांनाही हे कळते. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजली, तर केवळ अंतर नव्हे, प्रत्येक ठोक्याचा जोरही वेगळा लागतो. काही ठोके तर मनगटापर्यंत पोचतच नाहीत. छातीवर स्टेथोस्कोप लावून ११० मोजावेत आणि त्याच मिनिटाला मनगटावर ८८ भरावेत, असे होते. घरच्या बीपी मशिनवर ठोक्याच्या अनियमिततेचे चिन्ह पुन्हा पुन्हा दिसत असेल, किंवा एकापाठोपाठ घेतलेल्या तीन मापांत मोठा फरक पडत असेल, तर मशिन बिघडले असे म्हणून ते बाजूला टाकण्याआधी एक ईसीजी काढावा.

आता दुसरा आजार. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांच्या भिंतीत चरबी, दाहपेशी आणि कॅल्शियम साठून थर तयार होतो. वर्षानुवर्षे तो मुकाट वाढतो. मग चालताना छाती भरून येते, किंवा एके दिवशी थर फाटतो, त्यावर गुठळी बसते आणि हार्ट अटॅक येतो. हे आता घराघरांत माहीत आहे, त्यामुळे त्यावर जास्त रेंगाळत नाही.

दोन आजारांतला फरक समजावताना डॉक्टर सहसा सांगतात, 'एक नळाचा प्रॉब्लेम, एक वायरिंगचा.' समजूत घालायला हे वाक्य सोयीचे आहे, पण ते अर्धेच खरे आहे. घरातली वायर नळाच्या पाण्यावर चालत नाही, हृदयातली चालते. सायनस नोडला रक्त देणारी बारीक धमनी सुमारे ६० टक्के लोकांत उजव्या कोरोनरीपासून निघते, उरलेल्यांत बहुधा डावीकडच्या सर्कम्फ्लेक्सपासून. एव्ही नोडची धमनी तर दहापैकी आठ-नऊ जणांत उजव्या कोरोनरीचीच. उजवी धमनी अचानक बंद पडली की ठोक्याची लय बिघडते ती याचमुळे.

मग ब्लॉकेजमुळे एएफ होतो का? इथे आकडे जरा चक्रावून टाकतात. अमेरिकेतल्या कोरोनरी आर्टरी सर्जरी स्टडीच्या नोंदवहीत, अँजिओग्राफीत धमन्या अरुंद दिसलेल्या १८,३४३ रुग्णांपैकी फक्त ११६ जणांना एएफ होता. म्हणजे ०.६ टक्के. आणि ज्यांना होता त्यांच्यात वाढलेले वय, गळणारी मायट्रल झडप आणि हार्ट फेल्युअर जास्त आढळले. नुसती धमनी अरुंद झाली म्हणून अलिंदे थरथरायला लागत नाहीत, असाच याचा अर्थ. मधल्या पायऱ्या असतात. हार्ट अटॅकने डाव्या निलयाचा स्नायू मेला की ते नीट रिकामे होत नाही. मागे डाव्या अलिंदात दाब तुंबतो. अलिंद ताणले जाते, फुगते, त्याच्या भिंतीत तंतू माजतात. आणि अशा ताणलेल्या, जागोजागी वण पडलेल्या भिंतीत विद्युतलहरी सरळ न जाता वळसे घेऊन फिरत राहतात. एएफला अशीच जमीन लागते.

ठिणगी बहुधा तिसरीकडूनच पडते. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथे मिशेल हाइसाग्वेर आणि सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांमध्ये एएफ सुरू करणाऱ्या ठिकाणांचा शोध घेतला. अशी ६९ केंद्रे सापडली आणि त्यांतली ६५ होती फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या शिरांच्या आत. कोरोनरी धमन्यांशी त्या जागेचा थेट संबंध नाही. आजचे ॲब्लेशन, म्हणजे कॅथेटर आत नेऊन त्या शिरांची तोंडे विद्युतदृष्ट्या अलग करणे, या शोधावर उभे आहे. स्टेंट घालून एएफ बरा होत नाही, असे डॉक्टर सांगतात तेव्हा ते हात झटकत नसतात.

दोन प्रसंगी मात्र ब्लॉकेजचा रुग्ण आणि एएफ यांची गाठ नक्की पडते. पहिला प्रसंग हार्ट अटॅकचा. वेगवेगळ्या अभ्यासांत हार्ट अटॅकच्या ६ ते २१ टक्के रुग्णांत एएफ दिसला आहे, आणि ज्यांना दिसला त्यांची वाटचाल इतरांपेक्षा खडतर ठरली आहे. दुसरा प्रसंग बायपासचा. ऑपरेशन सुखरूप पार पडते, नातेवाईक पेढे वाटण्याच्या बेतात असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मॉनिटर वाजू लागतो : ठोके १४०, अनियमित. बायपासनंतर साधारण २० ते ४० टक्के रुग्णांत हे घडते. हृदयाला हात लागला आहे, भोवतालच्या आवरणाला सूज आहे, ॲड्रेनलिन वाढले आहे, क्षार खालीवर झाले आहेत. अलिंदे बिथरायला एवढे पुरते. बहुतेकांची लय काही दिवसांत वा आठवड्यांत पूर्ववत होते. ग्राफ्ट बंद पडला अशी शंका नातेवाइकांना पहिल्यांदा येते, पण बहुतेक वेळा तसे काही नसते. तरी ज्यांना त्या वेळी एएफ झाला, त्यांना पुढे कधी तो परतण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, म्हणून डिस्चार्ज कार्डावरची ती ओळ जपून ठेवण्यासारखी.

उलट दिशेचे नाते कमी चर्चिले जाते. एएफ असलेल्या माणसाला हार्ट अटॅकचा धोका वाढतो का? वाढतो. अमेरिकेतल्या रिगार्ड्स या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २०१४ मध्ये आला : एएफ असलेल्यांत हार्ट अटॅकचे प्रमाण जवळजवळ दुप्पट, स्त्रियांत ही वाढ पुरुषांपेक्षा ठळक. इतर आजारांचा हिशेब वजा केल्यावरही ते १.७ पट उरले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासाने त्यात एक बारकावा दाखवला. हे वाढलेले अटॅक मुख्यतः धमनी पूर्ण बंद होणाऱ्या प्रकारचे नव्हते, तर अर्धवट पुरवठ्याच्या प्रकारचे होते.

याची फोड करायची तर हृदयाला रक्त कधी मिळते ते पाहावे लागते. शरीराच्या इतर अवयवांना रक्त पोचते ते हृदय आकुंचन पावते तेव्हा. डाव्या निलयाच्या स्नायूला स्वतःला मात्र मुख्यतः ते सैल पडते तेव्हाच रक्त मिळते, कारण आकुंचनाच्या वेळी स्नायूच आतल्या बारीक धमन्या आवळून धरतो. मिनिटाला साठ ठोके असताना प्रत्येक ठोक्याच्या वाट्याला एक सेकंद येतो, त्यातला जवळपास दोन-तृतीयांश वेळ विश्रांतीचा. ठोके १५० झाले की एकूण वेळ उरतो ०.४ सेकंद, आणि त्यातला निम्म्याहून अधिक आकुंचनातच खर्च होतो. काम अडीचपट, जेवायची सुट्टी अर्ध्याहून कमी. धमनी ५० टक्के अरुंद असेल तर एरवी जाणवत नाही. या वेगाला मात्र स्नायूची उपासमार सुरू होते. छाती दुखते, ईसीजीत एसटी रेघ खाली उतरते, रक्तातले ट्रोपोनिन थोडे वाढते. कागदावर सगळे हार्ट अटॅकसारखेच. हृदयविकाराच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत २००७ पासून याला दुसऱ्या प्रकारचा हार्ट अटॅक म्हणून वेगळे काढले आहे : थर फाटून झालेला नव्हे, मागणी-पुरवठ्याचे गणित चुकल्याने झालेला. त्यावरचा पहिला उपाय म्हणजे वेग खाली आणणे. ठोके ८० वर आले की तासाभरात एसटी रेघ जागेवर परतते, असे कित्येकदा होते. मग ब्लॉकेजचा विचार शांतपणे करता येतो. वेग उतरूनही रेघ आणि दुखणे तसेच राहिले, तर ते खरोखर धमनीचे असण्याची शक्यता वाढते आणि तिथे वेळ दवडून चालत नाही. हा फरक दाखल झाल्यापासून पहिल्या काही तासांत ओळखणारा डॉक्टर लाखमोलाचा.

आणखी एक वाट आहे, दुर्मीळ पण खरी. थरथरणाऱ्या डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखी एक पिशवी असते. तिथे रक्त साकळते. झडपांचा आजार नसलेल्या एएफमध्ये अलिंदात सापडणाऱ्या गुठळ्यांपैकी सुमारे ९० टक्के याच पिशवीत असतात. ती गुठळी सुटली की बहुधा मेंदूकडे जाते. क्वचित कोरोनरी धमनीत शिरते. जपानमध्ये सुइता इथल्या राष्ट्रीय केंद्रात हार्ट अटॅकच्या १,७७६ रुग्णांचा आढावा घेतला तेव्हा ५२ जणांत अटॅकचे कारण असे बाहेरून वाहून आलेले निघाले, आणि त्या ५२ पैकी ७३ टक्के लोकांना एएफ होता. अशा रुग्णाच्या बाकीच्या धमन्या स्वच्छ असतात. 'कोलेस्टेरॉल नाही, शुगर नाही, तरी अटॅक कसा?' याचे एक उत्तर इथे सापडते.

या सगळ्याच्या तळाशी दोन्ही आजारांचे समान भांडवल आहे : वय, रक्तदाब, मधुमेह, पोट, तंबाखू, दारू, घोरणे. घोरण्याकडे आपल्याकडे विनोदाने पाहतात, पण झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाच्या छातीत दर मिनिटाला ओढाताण चालू असते आणि डावे अलिंद रात्रभर ताणले जाते. वजनाचे महत्त्व ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवले : ज्यांनी १० टक्के किंवा अधिक वजन उतरवले आणि टिकवले, ते एएफमुक्त राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती. एएफ असलेल्यांत कोरोनरी आजार १७ ते ४६ टक्क्यांपर्यंत आढळतो, असे निरनिराळ्या अभ्यासांचे आकडे आहेत. एवढी मोठी संख्या मुख्यतः या सामाईक भांडवलातून येते.

भारतीय माणसाच्या बाबतीत मात्र हे गणित थोडे वेगळे मांडावे लागते. २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतर देशांतल्या लोकांना जवळजवळ ५९ व्या. म्हणजे धमन्यांच्या आजारात आपण सहा वर्षे पुढे. मग एएफही आपल्यात जास्त हवा. पण ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांच्या पाहण्यांत उलटेच दिसते : मधुमेह आणि हृदयविकार गोऱ्यांपेक्षा जास्त, एएफ कमी. आपल्या अलिंदांचा आकार लहान असणे हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते. ईसीजी कमी निघत असल्याने आजार नोंदलाच जात नाही, हे दुसरे. कारण काहीही असो, ब्लॉकेज आणि एएफ हे बिंब-प्रतिबिंब नाहीत याचा यापेक्षा ठळक पुरावा नको.

दुसरा वेगळेपणा संधिवाताच्या तापाचा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक नोंदवहीत एएफच्या उत्तर अमेरिकी रुग्णांपैकी २.२ टक्के लोकांना या तापातून होणारा ऱ्हुमॅटिक हृदयविकार होता. भारतातल्या रुग्णांपैकी ३१.५ टक्के लोकांना. लहानपणी घसा दुखला, सांधे सुजले, गावात फारसे उपचार झाले नाहीत, आणि पस्तिशीत मायट्रल झडप अरुंद होऊन एएफ सुरू झाला, अशा बायका आपल्या सरकारी इस्पितळांत आजही दिसतात. त्यांच्या धमन्या बहुधा अगदी स्वच्छ असतात. त्यांच्या आजाराचे मूळ झडपेत, आणि तो कळतो टूडी इकोमध्ये. त्यांच्यासाठी औषधही वेगळे : मध्यम वा तीव्र अरुंद मायट्रल झडप, किंवा धातूची कृत्रिम झडप असेल तर जुनी वॉरफॅरिन किंवा ॲसिट्रॉम हीच गोळी, रक्त गोठण्याचे माप असलेला आयएनआर तपासत. नव्या गोळ्यांपैकी रिव्हारॉक्साबॅन ऱ्हुमॅटिक रुग्णांत कमी पडते, हे २०२२ च्या एका मोठ्या चाचणीने स्पष्ट केले.

मग एएफ सापडला की अँजिओग्राफी करावी का? प्रत्येकाची नाही. अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत निःसंदिग्ध आहेत : छातीत दुखणे किंवा अन्य खुणा नसतील, तर एएफचे कारण शोधण्यासाठी सरसकट ब्लॉकेजच्या तपासण्या करू नयेत, त्यातून फायदा होत नाही. ईसीजी, इको, थायरॉइड, किडनी, साखर हे मात्र हवे. चालताना छाती भरते, इकोत भिंतीचा एखादा भाग हलत नाही, पूर्वी अटॅक येऊन गेला आहे, अशांची गोष्ट वेगळी. 'एवीतेवी दाखल झालाच आहात तर अँजिओग्राफी करून टाकू' या वाक्याला 'कशासाठी?' असे विचारायला रुग्णाने संकोचू नये. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

खरा पेच पडतो तो गोळ्यांत. दोन्ही आजारांतली भीती गुठळीचीच. पण गुठळ्या दोन जातींच्या. अरुंद धमनीत रक्त जोरात घासून जाते, तिथे आधी प्लेटलेट चिकटतात. तिला आवर घालतात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. अलिंदाच्या पिशवीत रक्त थबकलेले असते, तिथे फायब्रिनच्या जाळ्यात लाल पेशी अडकून मऊ गुठळी बनते. तिला लागतात वॉरफॅरिन, डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन यांसारखी औषधे. घरात या सगळ्यांनाच 'रक्त पातळ करायच्या गोळ्या' म्हणतात, आणि त्यातून 'इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिन) चालू आहेच की' असा खोटा दिलासा मिळतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासाने १९९१ मध्ये दाखवले होते की एएफमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. ॲस्पिरिन त्याला पुरे पडत नाही. २०११ च्या ॲव्हेरोज चाचणीत अ‍ॅपिक्साबॅनने ॲस्पिरिनच्या तुलनेत हा धोका निम्म्याहून खाली आणला, आणि मोठ्या रक्तस्रावात लक्षणीय फरक पडला नाही. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, इतका निकाल उघड होता. पक्षाघाताचा धोका मोजण्याचे जे गुणपत्रक डॉक्टर वापरतात, त्यात वय, बीपी, मधुमेह यांच्या जोडीला पूर्वीच्या हार्ट अटॅकचाही एक गुण असतो. म्हणजे ब्लॉकेजचा इतिहास हा एएफमधल्या पक्षाघाताचाही धोका वाढवतो.

ज्याला एएफ आहे त्यालाच स्टेंट बसला, तर? सरळ बेरीज केली की ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि एएफची गुठळी रोखणारी गोळी अशी तीन औषधे होतात, आणि बरीच वर्षे डॉक्टर ती देतही होते. २०१३ मध्ये नेदरलँड्स-बेल्जियममधल्या वोएस्ट चाचणीने ५७३ रुग्णांत ॲस्पिरिन वगळून पाहिले. वर्षभरात रक्तस्राव तिन्ही औषधे घेणाऱ्यांत ४४.४ टक्के, दोन घेणाऱ्यांत १९.४ टक्के. स्टेंट बंद पडण्याचे प्रमाण वाढले नाही, आणि मृत्यूही दोनवाल्यांत कमीच झाले. २०१९ मध्ये साडेचार हजारांहून अधिक रुग्णांच्या ऑगस्टस चाचणीने तोच कौल दिला. त्याच वर्षी जपानमधल्या अफायर चाचणीने पुढचा प्रश्न विचारला : स्टेंटला किंवा बायपासला वर्ष उलटून गेल्यावर एएफची एकटी गोळी पुरते का? पुरते. उलट, जोडीला ॲस्पिरिन किंवा तत्सम गोळी चालू ठेवलेल्यांत मृत्यू इतके वाढले की चाचणी अर्ध्यावर थांबवली. २०२४ मध्ये कोरियातूनही एकटी गोळी पुरते असाच निष्कर्ष आला. २०२५ मध्ये फ्रान्समध्ये मुद्दाम जास्त जोखमीचे स्टेंटवाले रुग्ण निवडून ॲस्पिरिन जोडून पाहिले, तरी मृत्यू ॲस्पिरिनवाल्यांतच जास्त झाले आणि तीही चाचणी थांबवावी लागली. अटॅकची भीती म्हणून चालू ठेवलेली गोळी रक्तस्रावाने नुकसान करते, हे तीन देशांत तीनदा सिद्ध झाले.

आजचा सर्वसाधारण क्रम असा : स्टेंटच्या वेळी आणि त्यानंतर फार तर आठवडाभर, फारच जोखीम असेल तर महिनाभर तिन्ही; मग एएफची गोळी आणि क्लोपिडोग्रेल सहा महिने ते वर्ष; आणि नंतर एएफची एकटी. आपल्याकडे मात्र प्रिस्क्रिप्शनला मुदत लिहिण्याची पद्धत कमी. स्टेंट पुण्याला बसतो, नंतरची तपासणी तालुक्याच्या गावी होते, गोळ्या मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देत राहतो, आणि चार वर्षांनीही तिन्ही चालूच असतात. त्यात गुडघे दुखतात म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून डायक्लोफिनॅक घेतले जाते. डांबरासारखी काळी शौचाला होऊ लागली तरी ती 'लोहाच्या गोळीमुळे' म्हणून सोडून दिली जाते. ॲसिट्रॉमवर असलेल्यांनी मेथी-पालक बंद करावा असेही कुणीतरी सांगते. बंद करायची गरज नाही, रोजचे प्रमाण एकसारखे ठेवावे, एवढेच.

लय सुधारण्याच्या औषधांतही ब्लॉकेज आडवे येते. १९८० च्या दशकात समजूत होती की अटॅकनंतर अनियमित ठोके दाबून टाकले की माणूस वाचतो. फ्लेकेनाइड आणि एनकेनाइड ही औषधे ठोके उत्तम दाबत. कास्ट नावाच्या चाचणीत ती प्लासिबोच्या शेजारी ठेवून पाहिली. १९९१ च्या अहवालात औषध घेतलेल्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते, प्लासिबोच्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारला होता, माणसे मेली होती. वैद्यकशास्त्राला बसलेल्या मोठ्या चपराकींपैकी ही एक. म्हणूनच आजही अटॅक येऊन गेलेल्या एएफ रुग्णाला फ्लेकेनाइड देत नाहीत, आणि लयीचे औषध सुरू करण्याआधी धमन्यांची चौकशी करतात. याउलट मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी दोन्हीकडे उपयोगी : एएफचा वेग उतरवते आणि अंजायनाही आवरते. एका गोळीत दोन कामे होण्याचा योग या दोन आजारांत फारसा येत नाही. तो इथे येतो.

तुमच्या घरात कुणाला स्टेंट असेल आणि एएफही असेल, तर फाइलच्या पहिल्या पानावर स्टेंटची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पुढच्या तपासणीला सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या आणि डॉक्टरांना विचारा : 'यातली कुठली गोळी किती तारखेपर्यंत?' उत्तर मिळेपर्यंत स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका.